पायदळाची घोडेस्वारी

पोहता न येणारे नावाडी असतात, टक्कल पडलेले न्हावी असतात, आणि लोकांची लग्नं जमवून स्वतः सडेफटिंग राहिलेले मध्यस्थ तर गल्लोगल्ली सापडतात. तेव्हा घोडेस्वारीच्या रँचचा मालक मोठेपणी एकदाच घोड्यावर बसला होता, आणि तोही जेमतेम चार मिनिटं, यात दात काढण्यासारखं तसं काही नव्हतं. पण लोक काढायचे. फुकटची करमणूक कोण सोडतो?

डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून पुढे त्यांचं लाकडी कुंपण सुरू व्हायचं. फाटकातून आत गेलं की उजव्या हाताला तबेला, डाव्या हाताला घर, आणि दोघांच्या मधोमध वाळू टाकलेलं गोल रिंगण. अकरा घोडे. शिकायला आलेला माणूस घोड्यावर, आणि मालक लगामाला धरून शेजारून पायी. सहा फूट दोन इंचांचा हा ताडमाड गडी, डावा हात कोपरात जरा वाकडा, डोक्यावर विटकी टोपी. टेकडीला वळसा घालून यायचं तरी हा चालतच. वर बसलेल्याच्या मांड्या दुखायच्या, याच्या चपला झिजायच्या. घोड्यांचे नाल ठोकायला येणारा नालबंद एकदा म्हणाला, "घोड्यांना दीड महिन्याने नवे नाल लागतात, मालकांना महिन्याने. हे कसले घोडदळवाले? हे तर पायदळ!" झालं. त्या दिवसापासून खरं नाव कागदोपत्री राहिलं. टपालवालासुद्धा फाटकाशी येऊन ओरडायचा, "पायदळ आहेत का घरात?"

पायदळाला त्याचं काही वाटायचं नाही. खरी असलेली गोष्ट कुणी बोलून दाखवली तर राग कशाचा धरायचा, असं त्याचं म्हणणं.

मुळात तो घोड्यांचा माणूसच नव्हता, चामड्याचा होता. तरुणपणी त्याचं बाजारात लहानसं दुकान होतं, दाराच्या डाव्या बाजूला आरी, मेण आणि दोरा घेऊन बसायचा. पट्टे, पिशव्या, आणि कधीमधी या रँचवरची खोगिरं. ती आणून टाकायची रँचच्या म्हाताऱ्या मालकांची मुलगी. ठेंगणी, तिखट, आणि पाठ अशी सरळ की गवंड्याने ओळंबा लावून घ्यावी. एकदा तिने त्याच्यापुढे खोगीर आदळलं.

"आठ दिवसांपूर्वी शिवलंत. शिवण उसवली."

त्याने खोगीर उलटं केलं, बोट फिरवलं. "शिवणीचा दोष नाही. तुम्ही एका अंगाला झुकून बसता."

आता, जिच्याकडे चार गावांहून लोक घोड्यावर बसायला शिकायला यायचे तिला हे एका खोगीरवाल्याने सांगावं! तिने खोगीर उचललं आणि पैसे न देता निघून गेली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली आणि दुसरीकडे बघत विचारलं, "कुठल्या अंगाला?"

"डाव्या," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी लग्न झालं. जाणकार अजून सांगतात, रँचवरून बाजारात येताना त्याचं दुकान डाव्या हाताला लागायचं. जाणकारांचं काय, त्यांना सगळंच दिसतं.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बाईंनी नवऱ्याला घोड्यावर बसवलं. बाई म्हणजे तीच, आता तिला सगळे बाईच म्हणायला लागले होते. तिला ठाऊक नव्हतं की अकराव्या वर्षी शेजाऱ्याच्या गाडीच्या घोड्यावरून हा पडला होता, आणि तो वाकडा कोपर ही त्याचीच पावती. त्याने सांगितलंही नव्हतं. नवीन लग्न, पुरुषाची जात, कसं सांगणार? तो चढला. चार मिनिटं बसला. चेहरा चुन्यासारखा, दोन्ही मुठींत आयाळ, आणि डोळे घट्ट मिटलेले. बाईंनी घोडा थांबवला, त्याच्या मुठी एकेक बोट करून सोडवल्या आणि म्हणाल्या, "उतरा. तुमचं काम खालून."

त्यानंतर चाळीस वर्षं तो विषय त्या घरात निघाला नाही. बाहेरच्या कुणी त्यांच्यासमोर खिदळत काढलाच, तर बाई शांतपणे म्हणायच्या, "याच्यासाठी वकिलाला खोगीर घाला हो." वकील म्हणजे घोडा. प्रत्येक वळणावर हुज्जत घालायचा म्हणून वकील. पंधरा मिनिटांत हसणाऱ्याचं हसू जमिनीवर.

सासऱ्यांनी जाताना रँच दोघांच्या नावावर केली, आणि कागदावर जावयाचं नाव आधी घातलं. लोक चाट पडले. म्हातारा म्हणाला, "पोरगी घोड्याला घाबरत नाही, म्हणून कधी त्याला जास्त पळवील. हा घाबरतो, तेव्हा नीट वागेल." असा हा मालक झाला. भीतीपोटी मालकी मिळालेला माणूस तुम्ही दुसरा बघितला नसेल.

कामं त्यांनी न बोलता वाटून घेतली होती. खोगिरं, लगाम, तंग, रिकिबी, खरारा, चारापाणी, घोड्याशेजारून चालणं हे सगळं त्याचं. शिकवणं बाईंचं. आणि शिकवण्याचा बाईंचा एक नियम होता: रिंगणात कुणालाही अहोजाहो नाही. न्यायाधीश येवोत नाहीतर न्हावी, वाळूत पाय ठेवला की 'तू'. एका बड्या अधिकाऱ्यांना ते लागलं. बाई म्हणाल्या, "साहेब, 'आपण कृपया टाच खाली घ्यावी' असं मी म्हणेपर्यंत आपण स्वतः खाली आलेले असता. घोडा काही तेवढं थांबत नाही." रिंगणाबाहेर पाऊल पडलं की लगेच 'या साहेब, पाणी घेणार का?' नवरा तर रिंगणात कधी शिकायला नव्हताच, तेव्हा तो आत-बाहेर 'अहो'च राहिला.

चाळीस वर्षं घोड्यावर काढली, बाईंचं एक हाड मोडलं नाही. मोडलं ते न्हाणीघरात. साबणाची वडी, ओली फरशी, आणि उजवा खुबा. शस्त्रक्रिया झाली, बाई काठी घेऊन घरी आल्या. उजवा पाय बोटभर आखूड झाला होता. चालता यायचं, उभं राहता यायचं, पण पाय उचलून बाजूला फेकणं काही जमेना. आणि घोड्यावर बसायचं तर डाव्या बाजूने चढून नेमका उजवा पायच पलीकडे टाकायचा असतो. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने घोड्याचं नाव नको. पुढचं पुढे बघू." बाईंनी त्यातलं 'नको' तेवढं ऐकलं. 'पुढचं' त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

घरी आल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल, तर रिंगणाकडची खिडकी बंद केली. पलंग मागच्या खोलीत हलवायला लावला. मागच्या खिडकीतून काय दिसायचं? वाळत घातलेले कपडे आणि शेजाऱ्याची भिंत. बाई दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसायच्या. नऊ महिने.

शिकवणारीच आत बसली म्हटल्यावर शिकणारे पांगले. पायदळ शेजारून चालू शकत होता, पण शिकवणार काय, कपाळ? घोडे बसून खाऊन सुटले. बाईंची आवडती घोडी ठिणगी, तिची विझून राख व्हायची वेळ आली. लेक फोनवर म्हणायची, "बाबा, आता पुरे झालं. आमच्याकडे या दोघं. चौथ्या मजल्यावर असलो तरी लिफ्ट आहे." नदीपलीकडे दुसरी रँच होती. तिचे मालक मिशीवाले. मिशा अशा की घोड्यांनी चारा समजून तोंड घालावं. ते येऊन घोड्यांचे दात बघून गेले आणि म्हणाले, "अकराही नेतो. माझ्याकडे सुखात राहतील."

पायदळाने आत जाऊन विचारलं, "अगं, काय सांगू त्यांना?"

"द्या," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मला खुरांचा आवाज ऐकवत नाही."

सहा आठवड्यांनी, एक तारखेला, ट्रक घेऊन येतो असं सांगून मिशीवाले गेले.

आता खरं बोलायचं तर घोडे गेल्याने पायदळाचं काय बिघडणार होतं? चाळीस वर्षं ज्यांना भ्यायला झालं ते जाणार, पायांना विश्रांती. पण त्या संध्याकाळी तो चहा घेऊन मागच्या खोलीत गेला आणि दारातच थांबला. बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. आणि त्यांच्या पाठीला बाक आला होता. ती पाठ! त्याने कप खाली ठेवला. घोडे या फाटकातून बाहेर पडले की ही पाठ पुन्हा सरळ होणार नाही, एवढं त्याला कळलं. खोगिराच्या शिवणीवरून माणूस ओळखणारा तो, हे तर उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी नालबंद आला. एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन घासता घासता त्याची टकळी चालू होती. "मालक, बाईंना औषधं कसली देता? त्यांना तलफ आली आहे, तलफ. कुणाला तंबाखूची असते, बाईंना चुका काढायची आहे. नऊ महिन्यांत एक चूक काढली नाही त्यांनी. माणूस वाळणारच."

पायदळ हसला. मग हसायचा थांबला. एखादा चांगला शिकणारा आणून उपयोग नाही, हे त्याला कळलं. चांगल्याला बघून कोण खिडकी उघडतं? विद्यार्थी असा हवा की बघणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी. आणि पंचक्रोशीत असा विद्यार्थी एकच होता.

थंडीचे दिवस होते. उजाडल्यावर तो तबेल्यात गेला आणि मावशीला बाहेर काढलं. मावशी म्हणजे चोवीस वर्षांची पांढरी घोडी. रँचवर जो कुणी शिकला तो आधी मावशीवर. हजारभर नवशिके पाठीवर सांभाळून तिला माणसांविषयी कसलंही कुतूहल उरलं नव्हतं. त्याने खरारा केला, खोगीर घातलं, पोटाखालचा तंग आवळला, रिकिबींचे, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यांचे, पट्टे लावले. हात आपोआप चालत होते. मग तो पायरीवर चढला, तोंडाने काहीतरी पुटपुटला, आणि बसला.

बसल्यावर कळलं की काहीतरी भलतंच झालंय. गुडघे थेट छातीशी. बाकड्यावर उकिडव्या बसलेल्या बगळ्यासारखा तो दिसत असणार. जमीन पार तळाशी गेली होती. कपाळावर त्या थंडीत घाम. अकराव्या वर्षीचा तो कोपर ठणकायला लागला. मावशीने एक जांभई दिली आणि चालू लागली. त्या बंद खिडकीसमोरून एक चक्कर, दोन चकरा. तिसऱ्या चकरेला आत काठीची चाहूल लागली आणि खिडकी किलकिली झाली. आणि मिटली.

हे नाटक नव्हतं, बरं का. नाटकाला अंगात कला लागते. तो खरोखरच इतका वाईट बसला होता.

दुसऱ्या दिवशीही तसेच गुडघे, तसाच घाम. या वेळी खिडकी हातभर उघडली.

"त्या रिकिबी माझ्या आहेत," आतून आवाज आला. आणि खिडकी धाडकन बंद.

त्याने खाली वाकून बघितलं. खरंच की. पट्ट्याचं सातवं भोक. चाळीस वर्षं रोज सकाळी बाईंसाठी रिकिबी सातव्या भोकाला लावलेल्या. गावातल्या शंभर लोकांची मापं त्याला तोंडपाठ, पण स्वतःचं माप घ्यायची वेळच कधी आली नव्हती. हाताला एकच सवय, हात आपला सातव्यावर गेला. त्याने उतरून पट्टे अकराव्या भोकाला लावले, तेव्हा कुठे गुडघे जागेवर आले.

तिसऱ्या दिवशी खिडकी आधीपासूनच उघडी होती.

"अहो, चुकीच्या बाजूने काय चढताय? घोड्यावर डावीकडून चढतात! सगळ्या जगाला ठाऊक आहे! मावशी म्हातारी आहे म्हणून गप्प बसली, दुसऱ्या कुणी लाथ घातली असती!"

डावा हात वाकडा, आयाळीला नीट पकड मिळेना, म्हणून तो उजवीकडून चढत होता. साधी अडाण्याची चूक. पण त्या दिवशी संध्याकाळी खोगिरं पुसता पुसता त्याचा हात मध्येच थांबला. उजवीकडून चढलं, तर पलीकडे टाकायचा तो डावा पाय. डावा पाय! आणि चौथ्या दिवशी पुन्हा उजवीकडूनच चढला. पाचव्या दिवशीही. बाई रोज ओरडायच्या, हा रोज ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मावशीलाही पहिले तीन दिवस विचित्र वाटलं, कान मागे पडायचे. मग तिने हेही एक माणसांचं खूळ म्हणून सोडून दिलं.

खिडकीतून शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. शेळी ऐकेना, बाईंचा पारा चढत गेला. "पाठ! पाठ सरळ ठेवा! अहो, खांदे पाडू नका! टाच खाली घ्या! टाच खाली! अहो, टाच... टाच खाली घाल म्हणते ना तुला!"

सगळं थांबलं. कोपऱ्यात नाल ठोकत असलेल्या नालबंदाची हातोडी हवेतच राहिली. चाळीस वर्षांत बाईंनी नवऱ्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. खिडकीत बाईंचा हात तोंडावर गेलेला दिसला.

पायदळाने मान खाली घालून टाच खाली घेतली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हातारपणी नवऱ्याला असं लाजताना बघून नालबंदाने पुढचे चार दिवस ते गावभर सांगितलं, त्यात स्वतःची भर घालून.

पण खिडकी ती खिडकीच. बाई उंबरा ओलांडेनात. दहाव्या दिवशी ते काम मावशीने केलं. चौथ्या चकरेला तिला कंटाळा आला, रिंगणाचं फाटक उघडं होतं, ती पाठीवरच्या माणसासकट सरळ बाहेर पडली आणि चाऱ्याच्या गव्हाणीशी जाऊन उभी राहिली. घोडं पेंड खातंय असं आपण म्हणतो. इथे घोडी खरंच पेंड खात होती आणि मालक वर अडकून पडला होता. लगाम ओढला, मावशी ढिम्म. टाच मारायचं धाडस नाही. उतरायचं, तर खाली ना पायरी ना ओटा.

"अरे, जरा धरतोस का हिला?" त्याने नालबंदाला हाक मारली.

"मी नाल ठोकतो मालक, माणसं उतरवत नाही," नालबंद म्हणाला. लबाड खिडकीकडे बघत होता.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. वरून पायदळ गव्हाणीत तोंड घातलेल्या मावशीशी अजिजीने बोलत होता: "मावशे, पुरे की गं आता. पोट बघ स्वतःचं." आणि मग घराच्या दारात काठी वाजली. टक. टक. बाई पायऱ्या उतरल्या, एकेक, कठड्याला धरून. अंगण ओलांडून आल्या. चेहरा असा की समोर कुणी येऊ नये.

"चाऱ्याच्या वेळी रिंगणाचं फाटक उघडं ठेवतात?" त्यांनी लगाम धरला. आणि तिथे त्या थांबल्या. मावशीने गव्हाणीतून तोंड काढलं होतं. भुशाने भरलेलं नाक तिने बाईंच्या तळव्यात घातलं आणि मोठ्ठा उच्छ्वास सोडला. बाईंनी दुसरा हात तिच्या कपाळावर ठेवला. नालबंदसुद्धा हातातलं काम टाकून बघत राहिला.

"उतर," बाई शेवटी म्हणाल्या. "मी धरलंय."

दुसऱ्या दिवसापासून रिंगणात एक खुर्ची आली. बाई त्यावर बसून काठीने वाळूत रेघा ओढत शिकवायच्या. रिंगणात 'तू', जेवणाच्या टेबलाशी 'अहो, घ्या ना अजून'. पायदळाला ही ये-जा फार आवडली, पण तसं तो कधी बोलला नाही. लोक गंमत बघायला कुंपणाशी यायचे. बघता बघता त्यांतल्या दोघीतिघी म्हणाल्या, बाई, आम्हालाही शिकवा. मागच्या खोलीतला पलंग पुढे आला. लेकीला फोनवर बाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांची दुडकी चाल बघायला ये एकदा. पोत्यात बटाटे उडावेत तसे उडतात."

सगळं ठीक चाललं होतं. फक्त मिशीवाल्यांना नको म्हणून निरोप काही जाईना. पायदळाने एकदा जेवताना विषय काढला.

बाईंनी घास खाली ठेवला. "खुर्चीवर बसून किती दिवस शिकवणार? मी म्हणते टाच खाली घाल, शिकणारे म्हणतात दाखवा. दाखवणार कशी? स्वार नसलेली माणसं घोडे पाळतात ती नुसती हौस, अहो. घोड्यांचे हाल असतात त्यात. मिशीवाले बसतात तरी."

"मी बसतो की आता."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांना हसू आलं, ते ओठांशी येऊन परतलं. "तुम्ही बसता," त्या म्हणाल्या, "हे मी कधी विसरणार नाही. पण ते बसणं नव्हे."

आठ दिवस राहिले होते. पायदळ दुपारी डॉक्टरांकडे जाऊन आला. रोज बाई दुपारच्या आडव्या झाल्या की तबेल्यामागे ठाकठूक चालायची. विचारलं तर "पायरी डगमगते, ती बसवतोय."

एक तारखेला सकाळी नऊला दोन ट्रक फाटकाशी येऊन लागले. मिशीवाले उतरले, त्यांनी मिशांवरून हात फिरवला. बाई चेहऱ्यावर काही न दाखवता रिंगणात आल्या, म्हणाल्या, "आधी ठिणगीला चढवा. ती मागे राहिली तर बिथरेल." आणि बघतात तो रिंगणाच्या मध्यावर मावशी उभी, तिच्यावर बाईंचं स्वतःचं खोगीर, तेल लावून चकचकीत. शेजारी लाकडी ओटा, कमरेएवढा उंच. बेताच्या ठेंगण्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, कठड्यावर चामडं गुंडाळून शिवलेलं.

"हे काय?"

"बस," पायदळ म्हणाला.

"मावशीवर? नवशिक्यांच्या घोडीवर? मी?"

"नवशिकीच आहेस आता. दहा महिन्यांत तू बसली नाहीस, मी बसलोय."

बाईंनी घोडीवरून आणि ओट्यावरून नजर फिरवली. मग त्यांना चूक दिसली. जीव भांड्यात पडल्यासारखा त्यांचा आवाज मोकळा झाला. "ओटा चुकीच्या बाजूला ठेवलाय. उजवीकडे. इतक्या वेळा सांगून..."

"उजवा पाय पलीकडे टाकता येत नाही तुला. डावा येतो. मावशी महिनाभर रोज उजवीकडून चढू देतेय. विचार तिला." तो मावशीची मान थोपटत होता. बाईंकडे बघण्याची त्याला हिंमत नव्हती. "पहिल्या दिवशी चूकच होती. पुढे मुद्दाम ठेवली. डॉक्टर म्हणाले, कुणीतरी धरून चालवणार असेल तर हळू चालीने हरकत नाही. त्यांनी मला उलट विचारलं, इतक्या उशिरा का आलात."

बाई खोगिराजवळ गेल्या. डाव्या रिकिबीचा पट्टा त्यांनी बोटांनी चाचपला, सातवं भोक. फिरून उजवीकडे आल्या. उजवा पट्टा सहाव्यालाही नव्हता, सातव्यालाही नव्हता. मधोमध एक नवं भोक होतं, कडा मेणाने घासून गुळगुळीत केलेल्या.

"मोजलंस कधी?"

"तुझी चप्पल," तो म्हणाला. "उजवी पुढून झिजते. टाच टेकत नाहीस पूर्ण. चामडं खोटं बोलत नाही."

बाईंनी काठी कठड्याला टेकून ठेवली. एक पायरी. दुसरी. तिसरी. वर उभ्या राहिल्यावर त्यांना हवा तेवढा वेळ त्याने दिला, आणि फाटकाशी मिशीवाल्यांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं. घोड्यांतले होते, तेवढं त्यांना कळत होतं. बाईंनी डावा पाय उचलला. मावशीने एक कान मागे फिरवला. माहीतगारासारखा पुन्हा पुढे केला. बाई खोगिरात बसल्या.

दोन्ही रिकिबी पायांखाली बरोब्बर आल्या. बाईंनी डोळे मिटले आणि उघडले, आणि पायदळाने बघितलं, मणक्यामागून मणका, ती पाठ सरळ झाली.

त्याने लगाम धरला. पहिली चक्कर झाली. दुसऱ्या चकरेला फाटकाजवळून जाताना बाई वरूनच म्हणाल्या, "मिशीवाले, ते ट्रक जरा मागे घ्या. घोडे बिचकतात."

"आणि घोडे कधी भरायचे?"

"कुठले घोडे?" बाई म्हणाल्या.

मिशीवाले नालबंदाकडे बघायला लागले. नालबंद आकाशाकडे बघायला लागला. मग मिशा थरथरल्या, आणि त्यांच्याखालून बऱ्यापैकी मोठं हसू बाहेर आलं. "निदान चहा तरी पाजा," ते म्हणाले, "इतक्या लांबून रिकामे ट्रक आणलेत." नालबंदाने चहाचं मनावर घेतलं, कारण तो त्यालाही मिळणार होता.

रिंगणात तिसरी चक्कर सुरू झाली. मावशी आपल्या कंटाळलेल्या चालीने चालत होती आणि पायदळ, पुन्हा आपल्या जागी, तिच्या डाव्या खांद्याशी पायी. थोडं गेल्यावर त्याने खोगिराकडे, मग वर बघितलं.

"झुकतेयस," तो म्हणाला.

बाई समोर बघत राहिल्या. "कुठल्या अंगाला?"

"नीट दिसलं नाही. अजून एक चक्कर घे."